अर्जावरच्या चौकोनाविषयी कुलगुरूंस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांच्या सन्माननीय कुलगुरूंस,


प्रवेश-अर्जाच्या पहिल्या पानावर उजव्या अंगास जो एक रिकामा चौकोन असतो, आणि ज्यात ‘अलीकडच्या काळातील पासपोर्ट आकाराचे छायाचित्र चिकटवावे, टाचणी लावू नये’ अशी आज्ञा बारीक अक्षरांत छापलेली असते, त्या चौकोनाचा जाब कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अर्जदार तो विचारीत नाही, कारण अर्जदाराने काही विचारावयाचे नसते. खिडकीपलीकडचा कारकून विचारीत नाही, कारण त्याच्या आधीच्या कारकुनाने तो विचारला नव्हता. आणि आपल्यासारखे अधिकारी पुरुष वा विदुषी विचारीत नाहीत, कारण आपल्यापर्यंत कागद पोहोचतो तोवर तो चौकोन भरून, त्यावर आडवी सही होऊन आणि शिक्कामोर्तब होऊन गेलेले असते. कागदाच्या जागी आता पडदा आला, गोंदाच्या जागी ‘अपलोड’ आले, पण चौकोन जागच्या जागी आहे. अध्यापनात आणि प्रवेश समित्यांच्या बैठकांत आयुष्याचा बराच भाग घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाजवळ फुरसत असते, आणि म्हणून तो जाब आज आपणास विचारीत आहे : विद्यार्थ्याचा चेहरा आपणास नेमका कशासाठी पाहावयाचा आहे?

प्रथम आपली बाजू मीच मांडतो, कारण ती दुबळी नाही. ज्या समाजात एकाच्या नावाने दुसरा उभा राहू शकतो, त्या समाजात चेहऱ्याची नोंद ठेवणे ही संशयखोरी नव्हे, सावधगिरी होय. अल्लाउद्दीन खिलजीच्या अमदानीत शिपायाचा हुलिया लिहून ठेवण्याचा व घोड्यास डाग देण्याचा शिरस्ता पडला आणि अकबराच्या मनसबदारीत तो पुन्हा कसोशीने अमलात आला, तो हजेरीच्या दिवशी भाडोत्री माणसे आणि उसनी घोडी उभी करून सरकारी खजिन्यातून तनखा उचलणाऱ्या सरदारांचा कटु अनुभव गाठीशी होता म्हणून. आमच्याकडे तर तोतयाची आठवण याहून जवळची आहे. पानिपतावर १७६१ साली पडलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असे सांगत पुढे आलेल्या इसमाने पेशवाईच्या कारभाऱ्यांना वर्षानुवर्षे घोर लावला, कोकणात त्याच्याभोवती माणसे गोळा झाली, आणि १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा होईपर्यंत भल्याभल्यांची मती गुंग झाली होती. कारण भाऊसाहेबांना ओळखणारे म्हणून जे पुढे येत, त्यांची साक्ष जितकी त्यांच्या स्मरणावर तितकीच त्यांच्या स्वार्थावरही अवलंबून असे. पुढे इंग्रजी धर्तीच्या दाखल्यांवर ‘ओळखीच्या खुणा’ असा एक रकाना आला, आणि उजव्या भुवईवरचा वण किंवा मानेवरचा तीळ यांच्या भरवशावर माणसाची खातरजमा होऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, हेरांच्या धास्तीने, ब्रिटनने १९१५ पासून पारपत्रावर छायाचित्र सक्तीचे केले. वणाची व तिळाची सद्दी संपली आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद व साडेचार सेंटिमीटर उंच अशा तसबिरीची सुरू झाली, ती अद्याप चालू आहे.

तोतये संपलेले नाहीत, हेही मी आपल्या वतीने कबूल करतो. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे ‘व्यापम’च्या, ज्या घोटाळ्याचे बिंग २०१३ साली इंदूरमध्ये फुटले, त्यात हुशार मुलांना पैसे देऊन दुसऱ्यांच्या नावाने वैद्यकीय प्रवेश-परीक्षेस बसविण्यात आले होते. २०१९ साली तामिळनाडूत थेनी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने मुंबईच्या केंद्रावर भलत्याच इसमाने ‘नीट’ दिल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि प्रवेशपत्रावरचा चेहरा व वर्गातला चेहरा यांचा मेळ बसेना, हे त्या प्रकरणाचे महत्त्वाचे सूत्र ठरले. येथे छायाचित्राने आपले काम चोख बजावले. परंतु व्यापमचीच गोष्ट पुरती सांगावयाची तर तेथे खुद्द मंडळाच्या दप्तरातच छायाचित्रांची अदलाबदल झाली : परीक्षेपूर्वी तोतयाचा चेहरा प्रवेशपत्रावर चढला आणि परीक्षा उरकल्यावर मूळ उमेदवाराचा चेहरा पूर्ववत विराजमान झाला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने जुलै २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याविरुद्ध जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात नाव, आईवडिलांचे नाव, छायाचित्र आणि स्वाक्षरी बदलून ठरल्याहून अधिक वेळा परीक्षा दिल्याचा ठपका होता. म्हणजे छायाचित्रांचा एवढा मोठा साठा हाताशी असूनही एकच चेहरा पुन्हा आला हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. कुलूप मजबूत असणे आणि किल्ली प्रामाणिक माणसाच्या कमरेला असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शिवाय अनोळखी चेहरा छायाचित्राशी पडताळून पाहण्याचे काम माणसाला आपण समजतो तितके साधत नाही. १९९७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुकानातील गल्ल्यावरच्या लोकांना छायाचित्र असलेली क्रेडिट कार्डे पडताळण्यास सांगितले, तेव्हा दुसऱ्याच्या चेहऱ्याची म्हणजे खोटी कार्डे निम्म्याहून अधिक वेळा बिनदिक्कत स्वीकारली गेली. बिचाऱ्या दुकानदारांना सवय नसेल म्हणावे, तर २०१४ साली ऑस्ट्रेलियातील पारपत्र अधिकाऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पोटच या कामावर चालते त्यांची, तशीच परीक्षा झाली. समोर उभ्या माणसाचे नसलेले छायाचित्र त्यांनी शंभरात चौदा वेळा त्याचेच म्हणून मान्य केले. आमच्या परीक्षा-केंद्रावरचा पर्यवेक्षक तर या विद्येत सर्वथा अनभिज्ञ असतो. त्याच्या हाती हजेरीपट असतो, त्यावर तिळाएवढ्या काळ्यापांढऱ्या तसबिरी छापलेल्या असतात, घंटा व्हायला चार मिनिटे उरलेली असतात, आणि प्रत्येक बाकापाशी थांबून, सही व अंगठा घेऊन त्याला पुढे सरकावयाचे असते. मान वर करून तो चेहरा पाहतो खरा, पण ते पाहणे म्हणजे पुष्कळदा नोंदवहीतील एक सोपस्कार.

आणि ती तसबीर तरी कशी असते? तालुक्याच्या एस. टी. स्थानकासमोरच्या एखाद्या फोटो स्टुडिओत जून महिन्यात जाऊन बसावे. खुंटीला एक निळा कोट टांगलेला असतो, जो सकाळपासून गावोगावच्या मुलांच्या अंगावर चढून उतरतो आणि ज्याच्या बाह्या कोणालाच बरोबर होत नाहीत, पण त्या चौकोनात बाह्या येतच नाहीत. आरशाच्या कडेला दोरीने बांधलेला कंगवा असतो. पावडरचा डबा असतो. कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको, मागे पांढरा पडदा हवा, फाईल इतक्या केबीच्या आत बसली पाहिजे, हे सारे नियम छायाचित्रकाराला मुखोद्गत असतात, कारण त्रुटी निघून परत आलेली मुले त्याच्याच दारात येतात. मूल उठून जाताच तो संगणकावर बसतो आणि कोणी न सांगता, केवळ व्यवसायाच्या शिष्टाचारापोटी, त्या उन्हातान्हात रापलेल्या सावळ्या मुलीला दोन छटा उजळ करतो, गालावरची मुरुमांची खूण पुसतो, आणि बत्तीस प्रती कापून लिफाफ्यात घालून देतो. मुलीची आई ते पाहून प्रसन्न होते. महिन्याभराने परीक्षेच्या दारावर तोच लिफाफ्यातला चेहरा आणि समोरचा चेहरा यांच्यात अंतर का दिसते, असा प्रश्न त्या मुलीला विचारला जातो. ज्या खुणेने ती ओळखली गेली असती तीच खूण पुसली गेलेली असते, आणि ती का पुसली गेली याचे उत्तर देण्याची पाळी सतरा वर्षांच्या पोरीवर येते. छायाचित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही. गोरा चेहरा अर्जावर शोभतो, हे त्याला आपल्या समाजाने शिकविले आहे, आणि अर्ज पाहणारा माणूस चेहऱ्यावरून मत बनवितो, असा त्याचा व त्या आईचा ठाम समज आहे.

तो समज निराधार आहे काय? येथे मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो, आणि त्यासाठी आपणास क्षणभर सातासमुद्रापलीकडे नेतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना १९२२ च्या सुमारास अशी चिंता लागली की, परीक्षेतील गुणांवर प्रवेश दिल्याने ज्यू विद्यार्थ्यांची संख्या फार होत चालली आहे, आणि तिला मर्यादा घालावी असा विचार त्यांनी उघडपणे बोलून दाखविला. गदारोळ उठला, अध्यापकांच्या समितीने दुसऱ्या वर्षी तो विचार फेटाळला. परंतु उघड दार बंद झाले तरी मागील दार मोकळे होते. अर्जाचे नमुने तर आधीच बदलू लागले होते : वंश कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे आडनाव काय, वडिलांचा जन्म कोठे झाला, आणि तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी जन्मापासून नावात काही बदल केला आहे काय, असे प्रश्न त्यांत दाखल झाले; गुणांबरोबर ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आले; आणि १९२६ साली अर्जासोबत छायाचित्र आवश्यक ठरले. तोवर पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाव हिश्श्याच्या पुढे गेले होते. नंतर ते झपाट्याने खाली आले, आणि तेही एकही नियम न छापता. कोलंबिया विद्यापीठाने, ज्याच्या वर्गांत १९१३ ते १९१६ या काळात आमचे बाबासाहेब आंबेडकर बसले होते, पहिले महायुद्ध संपते न संपते तोच आपल्या पदवी-महाविद्यालयाच्या अर्जांत हीच युक्ती योजिली होती. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही सारी हकीकत विद्यापीठांच्या स्वतःच्याच दप्तरांतून उकरून काढली आहे. लपविणाऱ्यांनीच कागद जपून ठेवले, ही दप्तरी शिस्तीची एक गंमत. न्यूयॉर्क राज्याने १९४८ साली व मॅसॅच्युसेट्सने १९४९ साली शिक्षणातील असल्या भेदभावाविरुद्ध कायदे केले, आणि आज त्या देशातील बहुतेक महाविद्यालये अर्जासोबत छायाचित्र मागत नाहीत.

आमची गोष्ट वेगळी आहे, असे आपण म्हणाल, आणि बव्हंशी ते खरेही आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून ज्या फेऱ्या होतात, त्यांत गुणानुक्रम, पसंतीक्रम व आरक्षण यांचा हिशेब यंत्र करते, आणि यंत्राला त्या चौकोनाकडे पाहण्याचे कारण पडत नाही. शिवाय चेहरा झाकला तरी आडनाव उघडेच असते, आणि आमच्या मुलखात आडनाव हे चेहऱ्याहून बोलके असते. एखादा अनुभवी समिती-सदस्य आडनाव व गाव या दोन रकान्यांवरून जी कुंडली मांडील ती हार्वर्डच्या त्या प्रश्नांनाही साधली नसती. जातीचा रकाना तर अर्जात उघडपणे असतोच. पण महोदय, त्या रकान्यात आणि या चौकोनात एक मोठे अंतर आहे, आणि ते माझ्या मते निर्णायक आहे. जातीचा रकाना संविधानाच्या आधाराने, जाहीर हेतूने विचारला जातो. त्याला दाखला लागतो, त्याची पडताळणी होते, त्यावरून जो निर्णय होईल तो यादीत छापला जातो, आणि चुकला तर त्यावर दाद मागता येते. चौकोनातील चेहऱ्यावरून जर काही निर्णय झाला, तर तो कोणत्याही कागदावर उतरत नाही. ‘मुलगी जरा तशीच वाटते’, ‘डोक्यावर रुमाल आहे, वसतिगृहात रुळेल का’, ‘चेहऱ्यावर पांढरे डाग आहेत, दवाखान्यात रुग्ण बिचकतील’, ‘मुलगा चांगल्या घरचा दिसतो’, ही वाक्ये मी बैठकांत ऐकली आहेत. इतिवृत्तात त्यांतील एकही कधी आले नाही. ज्याची नोंद नाही त्याविरुद्ध अपील कोठे करावे?

हे चालते ते यंत्राच्या फेऱ्यांत नव्हे, तर त्यांच्या कडेकडेने : संस्थास्तरावरील जागांत, खासगी व अभिमत संस्थांच्या मुलाखतींत, कलाशिक्षणाच्या व व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत, आणि संशोधनाच्या प्रवेशांत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच. डी.च्या प्रवेशात, लेखी परीक्षा होते तेथे, सत्तर टक्के वजन लेखी परीक्षेला आणि तीस टक्के मुलाखतीला दिले. मुलाखतीत चेहरा समोरच असतो, तेव्हा छायाचित्र झाकून काय साधणार, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. परंतु मुलाखतीला कोणास बोलवावयाचे याची छाननी जेव्हा अर्जांवरून होते, तेव्हा समोर माणूस नसतो, केवळ तसबीर असते. आणि माणूस निदान बोलून आपल्याविषयीचा ग्रह पालटू शकतो, तसबिरीला ती सोय नाही. ज्याचे जुने कागद एका लिंगाचे व आजचे रूप दुसऱ्या लिंगाचे, अशा तृतीयपंथी अर्जदाराचा विचार केला म्हणजे हे अधिकच कळते : त्याच्या बाबतीत तो चौकोन भरणे हे जणू एक निवेदन देण्यासारखे होऊन बसते, आणि ते कोण वाचणार हे त्याला ठाऊक नसते.

याहून विस्मयकारक गोष्ट अशी की, हे तत्त्व आपणास नवीन नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला परीक्षार्थी कोण हे कळू नये म्हणून आपण केवढा खटाटोप करतो! शालान्त मंडळाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, बैठक क्रमांकावर होलोक्राफ्टची पट्टी चिकटते. विद्यापीठात मास्किंगसाठी, म्हणजे ओळख झाकण्यासाठी, स्वतंत्र खोली, स्वतंत्र माणसे आणि स्वतंत्र कुलपे असतात. उत्तरात कोणी आपले नाव वा ओळख पटेल अशी खूण केली तर तो गैरप्रकार मानून त्याची चौकशी होते. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला आपण आत घेतले आहे त्याचा नुसता क्रमांकही परीक्षकाच्या दृष्टीस पडू देत नाही, आणि ज्याला अजून आत घ्यावयाचे आहे त्याचा चेहरा निवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्याच पानावर ठेवतो. या विसंगतीचे समर्थन कोणा परीक्षा-नियंत्रकाने करून दाखवावे, मी आदरपूर्वक ऐकेन.

माझे मागणे छायाचित्र बंद करा असे नाही. परीक्षेच्या दारावर ते हवे, प्रवेश निश्चित करताना मूळ माणसाशी ताडून पाहण्यास ते हवे (थेनीचे प्रकरण अशा ताडण्यातूनच उघडकीस आले, हे ध्यानात असू द्यावे), आणि ओळखपत्रावर तर ते हवेच. मागणे एवढेच की, ओळख पटविणाऱ्याच्या हाती ते असावे आणि निवड करणाऱ्याच्या हाती नसावे. त्यासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. छाननी समितीपुढे जो अर्ज जातो त्याच्या पहिल्या पानावरून तो चौकोन काढून शेवटच्या सुट्या पानावर न्यावा, आणि ते पान प्रवेश विभागात राहावे. संगणकीय अर्जात तर समितीच्या खात्याला ते दिसू न देणे ही एका दुपारची कामगिरी आहे.

दुसरे मागणे हेतूच्या लेखनाचे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निवाडा दिला, आणि संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा जो कायदा केला त्याचे सूत्रच असे आहे की, कोणती माहिती कशासाठी घेत आहोत हे घेताना सांगावे आणि ते काम संपल्यावर ती बाळगू नये. त्याच कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक गणली आहे, आणि आपल्या पदवी-अर्जदारांतील पुष्कळ जण त्याच वयाचे असतात. सरकारी संस्थांना त्यातून कोणत्या सवलती मिळतात याचा कीस विधी विभाग पाडीलच. पण सवलत मिळते म्हणून कारण सांगू नये, असे काही त्यात लिहिलेले नाही. ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशा हजारो मुलामुलींचे चेहरे महाविद्यालयांच्या संगणकांत, आणि अर्ज भरून देणाऱ्या गावोगावच्या केंद्रांच्या ‘डाऊनलोड’मध्ये, वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांचे काय करावयाचे याचा हुकूम कोणीतरी काढावयास हवा, आणि निदान आपल्या हद्दीपुरता तो आपण काढू शकता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक विद्यापीठांत हा विषय विद्या परिषदेपुढे ठेवण्याचा अधिकार आपणास आहे. पुढील वर्षाची माहितीपुस्तिका कायम होण्यापूर्वी ठेवलात, तर त्या चौकोनाखाली ‘टाचणी लावू नये’ या ओळीच्या जोडीला आणखी दोन ओळी छापता येतील : हे छायाचित्र केवळ परीक्षा-केंद्रावर व प्रवेश-निश्चितीच्या वेळी ओळख पटविण्यासाठी असून ते छाननी समितीस दाखविले जाणार नाही, प्रवेश न मिळाल्यास फेऱ्या संपल्यानंतर अमुक दिवसांत ते नष्ट केले जाईल. ‘अमुक’च्या जागी किती दिवस लिहावयाचे, ते कुलसचिवांनी ठरवावे, माझी सूचना नव्वदची आहे.



आपला,
एक निवृत्त अध्यापक